उतारावरचा ब्रेक

सोमवार म्हणजे मशीनकाकांचा वैरी. बाकीचे सहा दिवस ते उताराखालच्या दुकानात शिलाई मशीनं दुरुस्त करत बसायचे. दुकान कसलं, दोन भिंतींच्या मधे राहिलेली फट. एक माणूस आणि एक मशीन आत गेलं की तिसऱ्याने बाहेर उभं राहून बोलायचं. पण बोलायला कुणीतरी यायचं. कुणा बाईच्या मशीनचा दोरा सारखा तुटायचा, कुणाची सुई अडकायची, कुणाला नुसतंच टेकायचं असायचं. सोमवारी मात्र तो अख्खा रस्ता बंद. मग काका वरच्या गल्लीतल्या आपल्या एका खोलीत बसून असायचे, आणि ती खोली त्यांना खायला उठायची.

बायको जाऊन चार वर्षं झाली होती. मुलगा बसने सहा तासांवर, नोकरीच्या गावी, बायको आणि लेकीसह. त्याचा फोन रविवारी संध्याकाळी यायचा. जेवलात का, औषध घेतलंत का, एवढं झालं की दोघंही एकमेकांचा श्वास ऐकत राहायचे आणि मग कुणीतरी "बरं, ठेवतो" म्हणायचं. म्हणजे रविवार त्या फोनच्या आशेवर तरी निघायचा. सोमवार निघता निघत नसे.

त्या सोमवारी काकांनी आधी खोली झाडली. मग भांडी घासली. त्यातली निम्मी स्वच्छच होती, तीही घासली. चपला धुतल्या. घड्याळात पाहिलं तर साडेनऊ. तेव्हा त्यांची नजर दाराशी उभ्या सायकलवर गेली.

सायकल मुलाची. तो इथं होता तेव्हा मोठ्या हौसेने घेतलेली, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक असलेली. बदली झाली तेव्हा ती मागे राहिली, तशीच जसे बाबा मागे राहिले. पण काकांना ती देवासारखी पावली होती. त्यांचे गुडघे चढाला नुसते कुरकुरायचे, उताराला मात्र चक्क संप करायचे. पायी उतरणं म्हणजे डोळ्यांत पाणी. सायकलवर बसलं की गुडघ्यांना काही करावंच लागत नसे. ब्रेक धरत धरत थेट दुकानाच्या दारात. संध्याकाळी तिच्याच हँडलवर रेलून, तिची काठी करून, सावकाश वर. त्या उतारावर दुसरं काही वाहन येत नव्हतं. सायकल होती म्हणून दुकान होतं, आणि दुकान होतं म्हणून माणसं होती.

तर काकांनी सायकल धुवायला घेतली, आणि धुवायला घेतली म्हणजे कशी, तर मशीन उघडावं तशी. ब्रशने कानाकोपऱ्यातली माती काढली. घासलेटाने साखळी धुतली. चाकांच्या मधोमध त्या पोलादी चकत्या होत्या, त्या इतक्या लख्ख केल्या की त्यात त्यांना आपलं नाक दिसायला लागलं. आणि मग त्यांनी तेच केलं जे चाळीस वर्षं करत आले होते. तेलाची कुपी काढली, फडक्यावर चार थेंब घेतले आणि जे जे चकाकत होतं त्यावर एक पातळ हात फिरवला. उघडं लोखंड कोरडं ठेवायचं नाही, हा त्यांचा धर्म. गावातल्या तीन पिढ्यांच्या शिंप्यांना त्यांनी हेच सांगितलेलं. चकत्यांनाही त्यांनी तोच मान दिला.

डिस्क ब्रेक ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी एवढंच समजावं, की ब्रेक दाबला की दोन लहान गाद्या त्या चकतीला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात आणि चाक थांबतं. त्या गाद्यांना पॅड म्हणतात. आता साबणाची ओली वडी चिमटीत धरून बघा, म्हणजे मंगळवारी सकाळी काकांचं काय झालं ते वेगळं सांगायला नको.

त्यांनी उताराच्या माथ्यावर ब्रेक दाबला, सायकल पळतच राहिली. अजून दाबला. ब्रेकची मूठ हँडलला टेकली तरी सायकल आपल्याच नादात. समोरून स्वतःचं दुकान आलं, शेजारून निघूनही गेलं. दुकानासमोर एक बाई मशीनचं डोकं कडेवर घेऊन वाट बघत उभी होती, तिला काकांनी जाता जाता मान हलवून नमस्कार केला, कारण दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं. शेवटी लाकडाच्या वखारीपाशी भुशाचा ढीग होता, त्यात काका सायकलसकट जाऊन बसले. कोपर खरचटलं, बाकी काही नाही. वखारीच्या राखणदाराने त्यांना उठवलं, भुसा झटकला आणि विचारलं, एवढी काय घाई होती.

बातमी दुपारपर्यंत घरमालकिणीकडे पोचली. घरमालकीण खालच्या मजल्यावर खिडकीत बसलेली असायची आणि तिच्याकडे गल्लीतल्या प्रत्येकाच्या मुलाचा नंबर होता. तिने वाईट हेतूने केलं असं नाही, पण तिने फोन लावला. आणि तिच्या सांगण्यात भुशाच्या ढिगाची भिंत झाली होती.

मुलाचा फोन मंगळवारी आला. रविवार नसताना फोन वाजला तेव्हाच काकांनी काय ते ओळखलं.

मुलगा चिडला नव्हता. चिडला असता तर बरं झालं असतं. तो हळू आवाजात म्हणाला, बाबा, आता पुरे. शनिवारी मी येतो, सोमवारपर्यंतची रजा टाकली आहे, सामान बांधू आणि तुम्ही आमच्याकडे चला. दुकान द्या कुणाला तरी. काकांनी मुलाचं घर पाहिलं होतं. चौथा मजला. मुलगा, सून सकाळी आठला बाहेर, नात नऊला शाळेत, आणि मग संध्याकाळी सहापर्यंत तिथं फक्त फ्रीज बोलायचा. पंधरा दिवस राहिले होते तेव्हा काका त्या फ्रीजला उत्तरं द्यायला लागले होते.

"ब्रेकच गेला ना," काका म्हणाले, "मी थोडाच गेलोय. ब्रेक नीट करतो."

"बाबा, नीट केला म्हणजे तुमच्या म्हणण्यावर नाही. मी स्वतः त्या उतारावरून चालवून बघणार."

"बघ की. थांबली तर?"

"थांबली तर राहा. नाही थांबली तर ऐकायचं माझं."

झालं. चार दिवस हातात आणि एक ब्रेक.

काका तसे कसलेले कारागीर. बिघाड शोधायचा म्हणजे सोप्यापासून सुरुवात करायची, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. बुधवारी सकाळी त्यांनी आधी केबल पाहिली. जरा सैल वाटली म्हणून ताणली. मूठ कडक झाली, पण गल्लीत चालवून पाहिलं तर सायकल पूर्वीसारखीच, वाटलं तर थांबणारी. म्हणजे जोर पोचत होता, पकड नव्हती. मग साबणाच्या पाण्याने चकत्या धुतल्या. त्याने ब्रेकला वाचा फुटली. दाबला की असा किंचाळायचा की घरमालकीण खिडकीतून म्हणाली, काका, त्या बिचारीला मारताय का. पकड मात्र नाहीच.

तेव्हा नाइलाजाने ते सायकलवाल्याकडे निघाले. सायकलवाल्याचं दुकान काकांच्या दुकानापलीकडे चार दारं. सायकल हाताने ढकलत, तीन ओट्यांवर बसत बसत काका उतरले तेव्हा दुपार झाली होती. सायकलवाला पस्तिशीचा, तोंडाने फटकळ, हाताने चोख. त्याने चकतीवर बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला आणि काकांकडे असं पाहिलं जसं मास्तर पाढा चुकलेल्या पोराकडे बघतात.

"काका, ब्रेकला तेल पाजलंत?"

"पुसलं नुसतं. गंजू नये म्हणून."

"ब्रेकला घासायला मिळालं तर तो थांबवणार. तुम्ही त्याला अंघोळ घालून तेल लावून झोपवलंत." मग त्याने नीट समजावलं, की पॅड तेल पितात, एकदा प्यायले की साबणाने जात नाही. नवीन पॅड घाला, चकती स्पिरिटने पुसा, दुसरं काहीही लावू नका. ठेवून जा, संध्याकाळी करून देतो, असंही म्हणाला.

इथंच काकांनी माती खाल्ली. ठेवून गेले असते तर गोष्ट संपली असती. पण चार जण ऐकत उभे होते, त्यांतला एक तर काकांचा जुना गिऱ्हाईक शिंपी, आणि तो गालातल्या गालात हसत होता. काकांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ते म्हणाले, तुझ्या जन्माआधीपासून मी मशीनं उघडतोय, दोन गाद्या बदलायला मला तुझी मदत नको. पॅड घेतले, पलीकडच्या औषधांच्या दुकानातून स्पिरिटची बाटली घेतली आणि सायकलवर रेलून वर आले.

गुरुवारी सकाळी त्यांनी उजेडात वर्तमानपत्र पसरलं. चाक काढलं. चकती डाव्या हाताने धरली आणि उजव्या हाताने स्पिरिट लावून आपल्या नेहमीच्या फडक्याने दोनदा, तीनदा पुसली. नवीन पॅड बोटांच्या चिमटीत धरून एकेक बसवला. हात इतके सराईत की बघणाऱ्याने बघत राहावं. पण बघणारं कुणी नव्हतं. गल्लीत चालवून पाहिलं. पहिल्यांदा बरा लागला. दुसऱ्यांदा कमी. पाचव्यांदा तीच तऱ्हा.

काकांना खरं वाटेना. त्यांनी पॅड काढले, काचपेपरवर घासले, पुन्हा चकती पुसली, पुन्हा बसवले. पुन्हा तेच. कुणीतरी कधीतरी सांगितलं होतं की पॅड विस्तवावर धरले की तेल जळून जातं. म्हणून सांडशीत धरून तेही केलं. खोलीभर असा वास सुटला की घरमालकीण वर येऊन विचारून गेली, काका, स्वयंपाकात काय करताय. त्यानंतर पुन्हा पुसून, पुन्हा बसवून बघितलं. सायकल थांबायची, पण मनाला येईल तेव्हा.

संध्याकाळी काका खाटेवर बसले. त्यांना वाईट ब्रेकचं वाटत नव्हतं. चाळीस वर्षांत असं एकही मशीन नव्हतं ज्याने त्यांना दोन दिवसांवर चकवलं. बंद पडलेली, गंजलेली, अगदी पाण्यात बुडालेलीसुद्धा त्यांच्या हाताखाली बोलायला लागायची. आणि आता साधी चकती ऐकत नव्हती. मुलगा बरोबर म्हणत असेल, असं पहिल्यांदाच त्यांच्या मनात आलं. हात गेला की कारागीर गेलाच. ते उठले आणि खाटेखालची पत्र्याची पेटी ओढून रिकामी करून ठेवली, सामान भरायला बरी म्हणून.

शुक्रवारी सकाळी स्पिरिट संपलं होतं. बाटली उलटी करून बघितली, थेंब नाही. सायकलवाल्याकडे दुसऱ्यांदा जायला तोंड नव्हतं, पण औषधांच्या दुकानात जायला काय हरकत. काका पुन्हा तीन ओट्यांवर टेकत उतरले.

औषधांच्या दुकानात एक तरुण बाई असायची, चष्मा लावणारी, कमी बोलणारी. काकांनी काचेच्या काउंटरवर दोन्ही हात टेकून दम घेतला आणि स्पिरिटची अजून एक बाटली मागितली. तिने बाटली काढता काढता विचारलं, परवाच नेलीत ना, जखम चिघळली का. तेव्हा काकांनी सगळं सांगितलं. तेल, साबण, नवीन पॅड, काचपेपर, विस्तव. चार दिवसांत एवढा वेळ ते कुणाशी बोललेच नव्हते, त्यामुळे जरा जास्तच सांगितलं. ती ऐकत होती. मग तिने बाटली त्यांच्यासमोर ठेवली, काकांनी काचेवरचे हात उचलले, आणि तिने खालून कापसाचा एक बोळा काढून स्पिरिटमधे बुडवून काचेवर फिरवला. सवयीने, न बघता.

काकांनी मात्र बघितलं. जिथं त्यांचे हात होते तिथं दहा बोटांचे दहा धुरकट ठसे होते, आणि ती ते पुसत होती.

"हे माझे?" काकांनी विचारलं.

ती ओशाळली. "राग मानू नका, काका. तुम्ही येऊन गेलात की मी काच पुसते."

"कधीपासून?"

"मी इथं कामाला लागले तेव्हापासून. दोन वर्षं झाली असतील."

"मग बोलली नाहीस कधी."

"काय बोलायचं? माझे बाबा रंगारी होते. आमच्या घरी प्याल्यांनाही रंगाचा वास यायचा. कामाचा हात असतो तो, धुऊन जात नाही."

काका आपल्या हातांकडे बघत राहिले. बोटांच्या पेरांत, नखांच्या कडेला, तळव्याच्या रेषांत काळपट तेल मुरलेलं. ते काही आजचं नव्हतं. दिसत तर रोज होतं, पण स्वतःचा हात कोण बघतो. त्याच हाताने त्यांनी चकती धरली होती, त्याच चिमटीत नवे पॅड धरले होते, आणि फडकं तर दुकानातलंच, ज्याने दहा वर्षं मशीनं पुसली. एका हाताने तेल काढायचं आणि दुसऱ्याने लावायचं, असा सगळा कारभार दोन दिवस चालला होता.

काका हसले. हसता हसता त्यांना खोकला आला. त्या बाईने न मागता रबरी हातमोज्यांची जोडी आणि कापसाचं बंडल पुढे केलं आणि सांगितलं, मोजे घालताना बाहेरून बोट लावू नका.

घरी येऊन त्यांनी दार ढकललं आणि थांबले. दाराच्या कडेला, हात लावायच्या जागी, तळहाताएवढा काळा डाग. दिव्याच्या बटणाभोवती डाग. साखरेच्या डब्याचं झाकण, पाण्याच्या माठाचा काठ, उशीजवळची भिंत. बायको होती तेव्हा असं एक बोट उमटलं तरी तिच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. दार कोपराने लोटायचं, दिवा मनगटाने लावायचा, असली कवायत तिने पस्तीस वर्षं करून घेतली होती. ती गेली आणि कवायत सुटली. केव्हा सुटली तेही कळलं नाही. चार वर्षांत या खोलीत असं कुणी आलंच नव्हतं ज्याने म्हणावं, अहो, हात बघा.

मग आत जाऊन त्यांनी साबणाने हात धुतले, मोजे चढवले आणि कामाला बसले. पॅड काचपेपरवर घासले, वरची चकाकी जाऊन खालचा खरखरीत भाग दिसेपर्यंत. चकती स्पिरिटने पुसली, कापूस काळा झाला की फेकला, नवा घेतला. सातवा बोळा पांढराच निघाला, तेव्हा थांबले.

आता नव्याने पुसलेला ब्रेक लगेच पकडत नाही. त्याला चकतीची ओळख व्हावी लागते. जरा वेग घ्यायचा, दाबायचा, हळू व्हायचं, पुन्हा वेग घ्यायचा, असं वीस-पंचवीस वेळा. काकांनी सपाट गल्लीत ते सुरू केलं. दहा दारं पुढे जायचं, थांबायचं. वळायचं, पुन्हा दहा दारं, पुन्हा थांबायचं. म्हातारा माणूस रबरी मोजे घालून प्रत्येक दारासमोर थांबतो म्हटल्यावर लोक बाहेर बघणारच. एका दारातल्या बाईने विचारलं, काका, कुणाचं घर शोधताय. कुणाचं नाही, काका म्हणाले, आणि पुढे गेले. अठराव्या फेरीला ब्रेकने असा चावा घेतला की काका हँडलवर आदळता आदळता वाचले. ते तसेच एक पाय टेकून उभे राहिले. दाखवायला आजूबाजूला कुणी नव्हतं, म्हणून त्यांनी घंटी एकदा वाजवली.

शनिवारी मुलगा सकाळच्या बसने आला. खांद्यावर मोठी रिकामी बॅग, सामानासाठी. काकांनी त्याच्यासाठी घरमालकिणीकडून गादी मागून आणली होती, उन्हात टाकून, झोडपून ठेवली होती; तो सोमवारपर्यंत राहणार होता ना. जेवणाला त्याला आवडायचं ते जमेल तसं केलं होतं. मुलाने उघडी पत्र्याची पेटी पाहिली आणि आपली बॅग तिच्या शेजारी ठेवली. जेवण झालं तसा तो सायकल घेऊन निघाला. काका उताराच्या माथ्यावर उभे राहिले. त्यांचा जीव नुसता टांगणीला.

मुलगा जोरात सुटला, मुद्दामच. दुकानाच्या अलीकडे त्याने ब्रेक दाबला आणि सायकल जागच्या जागी उभी राहिली. तो वर आला, पुन्हा गेला. असं चार वेळा. एकदा फक्त मागचा, एकदा फक्त पुढचा. चौथ्या वेळी धापा टाकत वर आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर लहानपणीचं हसू होतं.

"बाबा, नवी होती तेव्हाही अशी थांबत नव्हती. काय केलंत?"

"हातमोजे घातले," काका म्हणाले.

मुलाला काही कळलं नाही, आणि काकांनी समजावलं नाही. सांगायचं तर बरंच होतं, पण कुठून धरावं ते सुचेना. चहा झाला. नातीची परीक्षा, सुनेची पाठदुखी, सगळं सांगून झालं. मग मुलाने फोन काढून बघितला आणि जरा चाचरत म्हणाला, की आता सामान बांधायचं नाहीये, तर पाचची बस मिळते का बघतो, उद्या घरी एक काम उरकता येईल. शब्दाला जागला होता तो. थांबली तर राहा म्हणाला होता, आणि सायकल थांबली होती.

काका म्हणाले, हो, हो, कामं असतात. बसपर्यंत सोडायला निघाले, पण मुलाने उताराच्या माथ्यावरच थांबवलं, गुडघे दुखतील म्हणून. रिकामी बॅग खांद्यावर टाकून तो उतरत गेला. वखारीच्या वळणावर त्याने वळून हात केला. काकांनीही केला.

परत येऊन त्यांनी गादी गुंडाळली. वापरली गेली नव्हती, तरी दोन्ही हातांना मोजे चढवले, मगच उचलली, आणि खाली घरमालकिणीला देऊन आले. ती म्हणाली, एवढ्यात गेला? काका म्हणाले, ब्रेक लागला ना, मग. ती अजून काही विचारेल म्हणून ते क्षणभर थांबले होते. तिने खिडकीकडे तोंड फिरवल्यावर ते वर गेले, स्पिरिटमधे कापूस बुडवला आणि दिव्याच्या बटणाभोवतीचा डाग पुसायला लागले.